शेलची सेटिंग तीन कॉम्प्युटरवर एकसारखी कशी ठेवावी

देवगडच्या घरी माझा उबुंटूचा डेस्कटॉप आहे, हंगामात आंब्याच्या पेट्यांचा हिशेबही त्याच्यावरच असतो. कामाचं मॅकबुक माझ्याबरोबर मुंबईला ये-जा करतं आणि खरं काम चालतं एका लिनक्स सर्व्हरवर. टर्मिनल कुठलंही उघडलं तरी माझे शॉर्टकट तिथे असलेच पाहिजेत, याबाबत मी हट्टी आहे. पण त्यासाठी फाइली इकडून तिकडे कॉपी करत राहू नका. थोड्याच दिवसांत ताजी फाइल कुठली तेच कळेनासं होतं.

आधी कुठला शेल (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड ऐकणारा प्रोग्रॅम, जसे बॅश आणि झेडशेल) कधी कुठली सेटिंगची फाइल वाचतो ते पक्कं करा. निम्मे घोळ इथेच होतात. उबुंटूवर टर्मिनलची खिडकी उघडली की बॅश ‘.बॅशआरसी’ वाचतो. एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) सर्व्हरवर लॉगिन केलं की मात्र ‘.बॅश_प्रोफाइल’ शोधतो, ती आणि ‘.बॅश_लॉगिन’ दोन्ही नसतील तर ‘.प्रोफाइल’. म्हणून ‘.बॅश_प्रोफाइल’मध्ये मी एकच गोष्ट ठेवते: ‘.बॅशआरसी’ला सोर्स करणं, म्हणजे ती फाइल तिथेच वाचून चालवायला सांगणं. मॅकवर 2019 च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून झेडशेल हा डिफॉल्ट आहे, त्याची फाइल ‘.झेडएसएचआरसी’. मॅकमधला बॅश तर अजून 3.2 वरच आहे, तेव्हा सगळ्या मशीनवर चालणारी जी सामायिक फाइल आपण करणार आहोत, तिच्यात बॅश 4 मधल्या सोयी नकोतच.

आता होम फोल्डरमध्ये ‘डॉटफाइल्स’ नावाचा फोल्डर करून त्यात गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करा. आत ‘सामायिक’ नावाची एक फाइल करा. तिच्यात एडिटर, अलियास (लांब कमांडला दिलेलं छोटं नाव), छोटी फंक्शन्स, सगळं दोन्ही शेलना कळेल असं साधं. ‘.बॅशआरसी’ आणि ‘.झेडएसएचआरसी’ने फक्त तिला सोर्स करायचं. फरक असतील ते वेगळ्या फाइलींत. ‘युनेम’ ही कमांड मॅकवर ‘डार्विन’ सांगते, उबुंटूवर ‘लिनक्स’. सामायिक फाइलीच्या शेवटी त्या उत्तराच्या नावाची फाइल सोर्स करा, मग होस्टनेमच्या (त्या कॉम्प्युटरच्या) नावाची, पण यातली जी फाइल असेल तीच. उदाहरण घ्या: ‘एलएस’ला रंग हवेत तर लिनक्सवर ‘--कलर=ऑटो’ लागतं आणि मॅकवर उणे मोठा ‘जी’. मॅकवर प्रोग्रॅम बसवणाऱ्या होमब्रूचा पत्ताही इंटेल मॅकवर वेगळा आणि ॲपल सिलिकॉनवर वेगळा. असली ओळ सामायिक फाइलीत शिरू देऊ नका. एखादा प्रोग्रॅम सगळीकडे असेलच असं नाही, त्याचा अलियास करण्याआधी ‘कमांड -व्ही’ने तो आहे का ते विचारा.

जुन्या फाइली बाजूला ठेवून ‘एलएन -एस’ने होममधून या फोल्डरकडे लिंका करा. लिंका बऱ्याच झाल्या तर ग्नू स्टो हा प्रोग्रॅम हेच काम एका कमांडमध्ये करतं.

पासवर्ड आणि एपीआय की (ऑनलाइन सेवांच्या गुप्त किल्ल्या) गिटमध्ये टाकायच्या नाहीत, रेपो (गिटचा साठा) खाजगी असला तरी. त्यांच्यासाठी ‘.स्थानिक’ फाइल, परवानगी 600 (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला), आणि तिचं नाव ‘.गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिट तिच्याकडे बघणार नाही.

आमच्याकडे पावसात वीज गेली की पाठोपाठ टॉवरही जातो. म्हणून मी पेनड्राइव्हवर ‘गिट इनिट --बेअर’ने एक रेपो करून तो दुसरा रिमोट (बदल पाठवायचं-आणायचं ठिकाण) म्हणून जोडलाय. डेस्कटॉपवरून त्याच्यावर पुश (बदल पाठवणं), लॅपटॉपवर पुल (बदल आणणं), नेटची गरजच नाही. कमिट, म्हणजे बदलाची नोंद, तर तसाही जागच्या जागी होतो. मांडवी एक्स्प्रेस साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात असतानाही मी बिनधास्त कमिट करते.

दुसऱ्या क्लायंटच्या कामापुरती निराळी सेटिंग हवी असेल तर मूळ फाइलीला हात लावू नका. बॅश ‘--आरसीफाइल’ देऊन सुरू करा. झेडशेलला ‘झेडडॉटडीर’ या व्हेरिएबलमध्ये दुसरा फोल्डर द्या.

‘.बॅशआरसी’मधून स्क्रीनवर काही छापत असाल तर एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) मधेच अडकतं. शेल इंटरॲक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर कुणी टाइप करत नसेल, तर तिथूनच परत फिरा, अशी अट फाइलीच्या अगदी वर घाला. आणि सर्व्हरवरची फाइल बदलताना चालू सेशन बंद करू नका. ‘बॅश -एन’ने फाइल न चालवता लिहिण्यातल्या चुका तपासा, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होतंय ना ते पाहा, मगच पहिली खिडकी मिटा.