‘नेट नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी दोन वर्षं ई-सेवा केंद्र सांभाळलं. जुलैअखेर पीक विम्याची रांग लागायची आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवरचं चाक फिरत राहायचं. "काऊन जी, नेट नाही काय?" डवरणी सोडून आलेल्या माणसाला मी नुसती मान हलवायचो. त्याची मजुरी बुडायची आणि मला कारणही सांगता यायचं नाही, हे फार लागलं. माझा नेटवर्किंगचा अभ्यास तिथून सुरू झाला.

आता नागपुरात सर्व्हर सांभाळतो. गावची पोरं विचारतात, कोणता कोर्स लावू? कोर्स पुढे लावा. आधी बिघाड कुठे अडलाय ते शोधायची सवय लावा, त्यासाठी गावच्या तुटक्या लाईनीसारखी प्रयोगशाळा नाही.

आधी विंडोजच्या कमांड खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ चालवा, मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरच्या डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आलं नाही आणि मशीनने स्वतःच नंबर घेतला, म्हणजे वायर किंवा राउटर बघा. पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारा, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. हे पोचतंय पण साइट उघडत नाही, तर संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर घ्या. ‘एनएसलुकअप’ने खात्री होते. मी कितीदा तरी केबल काढून लावत बसलो होतो, आणि दोष डीएनएसचा होता. तो बदलला, रांग हलली. मात्र काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, तेवढ्यावरून ते बंद समजू नका.

पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कोणत्या राउटरांवरून जातो ते दाखवणारं ट्रेसराउट मला सगळ्यात आवडतं. पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसराउट आधी टीटीएल १ चं पॅकेट पाठवतं, मग २ चं, मग ३ चं. असा एकेक थांबा आपला पत्ता सांगत जातो. मधेच पत्त्याच्या जागी चांदण्या (*) दिसल्या तर घाबरू नका, तो राउटर फक्त गप्प आहे. शेवटपर्यंत चांदण्याच असतील तर तिथून पुढे तपासा.

मग जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं एसएसएच शिका, आणि त्यासोबत टीमक्स शिकाच. आपल्याकडची लाईन गेली, नेट तुटलं, तरी टीमक्समध्ये सुरू केलेलं सर्व्हरवरचं काम चालू राहतं. परत जोडलं की तिथूनच पुढे.

एक चूक मात्र माझ्याकडून ऐकून ठेवा. एका जिनिंगच्या सर्व्हरवर मी दुरून फायरवॉल, म्हणजे बाहेरची जोडणी अडवणारा पहारा, चालू केला, आणि एसएसएचचं दार म्हणजे पोर्ट २२ उघडायचं राहिलं. स्वतःच बाहेर अडकलो, साठ किलोमीटर गाडी हाणून मॉनिटर लावावा लागला. आता आधी ‘ॲट’ कमांडने दहा मिनिटांनी फायरवॉल बंद व्हायची नोंद टाकतो, मगच बदल करतो. जुनी खिडकी उघडी ठेवून नवीन खिडकीतून लॉगिन झालं, तरच ती नोंद काढतो.