नाम घेताना मन लागत नाही? या चुका टाळा

आमच्या गावात मारुतीच्या पारावर रोज सांजेला हरिपाठ होतो. टाळ घेऊन मी तिथे बसायला लागलो त्याला वीस वर्षं झाली. हरिपाठ संपला की एखादा तरणा पोरगा चपला शोधता शोधता हटकून म्हणतो, "दादा, मन लागत नाही हो." किती दिवस झाले रे सुरू करून? "आठ." केळीचं रोप लावल्यापासून घड कापेपर्यंत अकरा-बारा महिने निमूट थांबणारा हा गडी देवाला मात्र आठ दिवसांची मुदत देतो. अशांना काय सांगायचं? तरी सांगतो, कारण त्याच त्या चुका पाहून कंटाळा आलाय.

आकड्याच्या मागे लागणे

यात मी स्वतः तोंडावर पडलोय. 2023 साली श्रावण अधिक आला होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. मी ठरवलं, महिन्यात एक लाख नाम. लगेच हिशोब मांडला: रोज 31 माळा म्हणजे 3348, तीस दिवसांत लाख भरून वर 440. देवाआधी गणित बसलं. शेतात माळ सांभाळता येईना, म्हणून बोटात घालायचं बटणाचं काउंटर आणलं.

दहाव्या-बाराव्या दिवशी बागेत व्यापारी आला. बाजाराच्या बोर्डावर केळीचा जो भाव लागतो, त्यापेक्षा क्विंटलमागे दोनशे कमी बोलला. मी भांडतोय, पानं दाखवतोय, घड दाखवतोय, आणि अंगठा आपला टकटक टकटक चाललाय. माय बांधावर बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "बोट नाम ली ऱ्हायनं, तोंड भाव करी ऱ्हायनं!" व्यापारीसुद्धा हसला. नंतर काउंटर पाहिलं, तर त्या घासाघिशीत दोनशे पंधरा नामं झालेली. भाव एक रुपया वाढला नव्हता.

आता मी एकच माळ ओढतो, पहाटे. मेरूमणी आला की माळ ठेवून देतो. बाकी दिवसभर जे होईल ते न मोजता. त्या दिवसापासून एक कळलं: हात गुंतलेले असताना नाम चालतं, शब्द गुंतलेले असताना चालत नाही. निंदणी, घड वाहणं, भांडी घासणं, वजनकाट्यावर नजर ठेवणं, या सगळ्यात जीभ रिकामी असते. भाव ठरवताना ती रिकामी नसते, म्हणून तेव्हा सरळ भाव ठरवावा. व्यापाऱ्याची गाडी वळली की पुन्हा विठ्ठल.

घर गप्प करायला जाणे

माझ्या नात्यातला एक जण जपाला बसला की घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद. पोरीनं पाढे म्हटले तरी आतून डोळे वटारून बघणार. शेवटी त्यानं देवघराला दार बसवून घेतलं. सातशे रुपयांची कडी, पितळी!

आता बघा, आपण मुक्ताईच्या मुलखातली माणसं. महाशिवरात्रीला मुक्ताईनगरला गर्दीत चेंगरून तिचं दर्शन घेतो. लोकांच्या बोलण्याला वैतागून ज्ञानोबा ताटी लावून आत बसले, तेव्हा ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून दार उघडायची विनवणी करत होती. आणि तिची लेकरं नाम घ्यायला कडी लावतात. मी त्याला हे सुनावलं. राग आला त्याला, चार महिने बोलला नाही.

मलाही सांगायला तोंड नाही म्हणा. आमच्याकडे शेतातल्या मोटारीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे बसलो की ओठांवर हरिपाठ आणि कान स्टार्टरकडे. बरीच वर्षं मी मनाला दटावत बसायचो. आता मन जिथे जाणारच आहे तिथे आधी पायांनी जाऊन येतो. मोटार चालू करतो, ठिबकचा फिल्टर धुतो, हात पुसतो, मग बसतो. तरी मन बाहेर जातंच. गेलं की परत आणायचं, रागावायचं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनसुद्धा हीच तक्रार करतो, मन वाऱ्यासारखं आवरत नाही म्हणून. त्याच्या रथावर तर मिक्सरही नव्हता. उत्तर मिळालं, अभ्यास आणि वैराग्य. वैराग्याचं आपलं काय खरं नाही. अभ्यास तरी करावा.

बाकीच्या, थोडक्यात

रील पाहून दर महिन्याला नवा मंत्र धरणे. करू नका, बस्स.

मोबाईलमध्ये जपाचं ॲप. नाम घ्यायला उघडता आणि व्हॉट्सॲपमधून बाहेर येता. त्यापेक्षा तुळशीची माळ बरी, तिच्यावर मेसेज येत नाही.

चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाताना मागून डीजेची गाडी. देवीला ऐकू येतं. तुम्हालाच पुढे दोन दिवस येत नाही.

श्रावणात आमची खानदेशी देवी कानबाई घरी एका रात्रीची पाहुणी असते, आणि त्या रात्री निम्मं घर स्टेटस टाकत बसतं. एक फोटो काढा आणि मोबाईल गव्हाच्या कोठीवर ठेवून द्या.

जप करताना झोप लागणे: ही चूकच नाही. दिवसभर घड वाहिलेत, झोपा. फक्त उद्या लाईट कितीची आहे ते आधी विचारून ठेवा.