छोट्या विमानाचं इंजिन तापतंय? या चुका टाळा

मे महिन्यात गोंदिया, नागपूर, बारामती कुठेही जा, दुपारच्या सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, सेस्ना १७२ च्या ऑइल टेंपरेचरची सुई हिरव्या (सुरक्षित) पट्ट्याच्या वरच्या टोकाला चढलेली दिसते आणि मग घाबरून जे केलं जातं त्यातलं निम्मं उलटं असतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे क्लाइंबमध्ये थ्रॉटल जरासा मागे घेणं. गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला आराम मिळतो, इथे तसं होईलच असं नाही. कार्बोरेटरवाल्या बऱ्याच इंजिनांत फुल थ्रॉटलला जादा पेट्रोल सोडायची सोय असते आणि ते पेट्रोल सिलिंडर थंड ठेवायला मदत करतं, थ्रॉटल बोटभर मागे आला की ती सोय बंद, मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) लीन, म्हणजे पेट्रोल कमी, पॉवर मात्र जवळपास तेवढीच. म्हणजे अजून तापणार!

आधी नाक खाली करा. ७० नॉटला लटकत चढण्यापेक्षा ८५ ला चढा, क्लाइंब रेट गेला थोडा तर जाऊ दे, काउलिंगमधून, म्हणजे इंजिनवरच्या कव्हरमधून, हवा तरी जाईल. मग मिक्स्चर बघा, टॅक्सी करताना प्लग खराब होऊ नयेत म्हणून लीन केलेलं असतं आणि टेकऑफला ते पूर्ण रिच करायचं अर्धवट राहून जातं, हे फार वेळा होतं. तरीही सुई उतरत नसेल तर लेव्हल व्हा आणि मग पॉवर नीट कमी करा.

एकट्या सुईवर निर्णय घेऊ नका. ऑइल टेंपरेचर वर आणि प्रेशर खाली असं दिसलं तर चर्चा नको, जवळची धावपट्टी गाठायची आणि वाटेत उतरण्याजोगं शेतही हेरून ठेवायचं. प्रेशर स्थिर, सिलिंडर हेड टेंपरेचर पण नॉर्मल, तर गेज किंवा सेन्सरचाच दोष असू शकतो, पण ते उतरून तपासायचं, हवेत ठरवायचं नाही. आणि हेडची लाल रेष ५०० फॅरनहाइटला आहे म्हणून ४७० चालतं असं समजू नका, इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी स्वतः ४३५ च्या खाली ठेवा म्हणते, क्रूझमध्ये ४०० च्या खाली तर उत्तमच.

जमिनीवर वाऱ्याला शेपूट देऊन रनअप (उड्डाणाआधीची इंजिनची चाचणी) करत बसणं हीसुद्धा चूकच, नाक वाऱ्यात ठेवा.

आता हँगरमधलं. सारखं तापत असेल तर लोक थेट ऑइल कूलर बदलायला निघतात, माझ्या मते आधी काउलिंग उघडून बॅफल (हवा वळवणारे पत्रे) बघावेत. हवा सिलिंडरच्या वरून खाली फिन्समधून (सिलिंडरवरच्या पात्यांमधून) जायला पाहिजे, रबरी सील उलटं दुमडलं किंवा फट राहिली की ती शॉर्टकट मारते आणि फिन्सना हवाच मिळत नाही. विमान काही दिवस उभं असेल तर साळुंकीचं घरटंही सापडतं, हसू नका, प्रीफ्लाइटला इनलेटमध्ये डोकावून बघायचं ते त्यासाठीच. कूलरमध्ये किडे, गवत अडकलंय का तेही बघा. ऑइल कमी असेल तर भरा, पण कमाल खुणेच्या वर ओतून काही मिळत नाही, जादाचं ब्रीदरमधून (इंजिनच्या श्वासनळीतून) बाहेर पोटाखाली फेकलं जातं.

इंधनाचा संशय आला तर नुसता रंग बघून भागत नाही. एव्हिएशन पेट्रोलमध्ये थोडं जेट फ्युएल मिसळलं तरी निळसर छटा राहू शकते आणि इंजिन डेटोनेशन करत, म्हणजे मिश्रण नीट जळायच्या ऐवजी स्फोटासारखं भडकत, झपाट्याने तापतं. कागदावर थेंब टाका, वाळल्यावर तेलकट डाग उरला की उडायचं नाही.

हे सगळं ठीक असूनही चारही सिलिंडर तापतायत आणि एक्झॉस्ट टेंपरेचर मात्र नेहमीपेक्षा कमी येतंय, तर मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं) टायमिंग पुढे गेलंय का, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय का, ते एएमईकडून (विमान देखभाल इंजिनिअरकडून) तपासून घ्या. एकच सिलिंडर तापत असेल तर त्याचा बॅफल आणि इंडक्शनची (सिलिंडरला मिश्रण नेणाऱ्या नळीची) गळती आधी बघायला सांगा. टायमिंग २० डिग्री की २५ हे इंजिनच्या डेटा प्लेटवर असतं, तिथेच वाचा, शेजारच्या विमानाला २५ आहे म्हणून याला पण असेल असं नसतं.