बटण दाबलं, पण ऑर्डर गेली का? ब्राउझर आणि सर्व्हरच्या मधल्या या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात भाजी घरपोच देणाऱ्या एका ॲपचं काम करत होते, तेव्हा सकाळी सकाळी क्लायंटचा फोन आला, "मॅडम, एकाच बाईंच्या तीन ऑर्डर पडल्यात, तिन्हीत तेवढीच मेथी आणि तेवढेच टोमॅटो, माल पाठवू की नको?" त्या बाई पुण्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत होत्या. लोणावळा सुटल्यावर त्यांनी बटण दाबलं, गाडी बोगद्यात शिरली, स्क्रीनवर "काहीतरी चुकलं, परत प्रयत्न करा" असं आलं, म्हणून त्यांनी परत दाबलं आणि पुढच्या बोगद्यानंतर आणखी एकदा. आम्ही जे सांगितलं तेच त्यांनी केलं, त्यांची काहीच चूक नव्हती. पहिली रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली होती, ऑर्डर डेटाबेसमध्ये पडली होती, फक्त "झालं" हे उत्तर परत येताना रेंज गेली.

साधा फॉर्म सबमिट होऊन अख्खं पान नव्याने यायचं त्या काळात ही राखण ब्राउझरच करायचा. रिफ्रेश मारलं तर फॉर्म परत पाठवू का असं विचारायचा, सर्व्हर पडला तर एररचं पान दाखवायचा, लोडिंगचं चक्र फिरवायचा, दुसरी लिंक दाबली की आधीचं लोडिंग सोडून द्यायचा. मग 1999 ला मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी बनवलेलं एक्सएमएलएचटीटीपी इंटरनेट एक्सप्लोरर 5 मधून बाहेर आलं, 2004 ला जीमेल आणि 2005 ला गूगल मॅप्स आल्यावर पान न हलवता डेटा आणता येतो हे सगळ्यांना दिसलं, आणि त्याच 2005 च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिलं. वापरणाऱ्याला ते फार सोयीचं झालं, पण पान रिलोड होणं थांबलं तेव्हा ब्राउझर करत होता ती सगळी राखण आपल्याकडे आली, आणि खालच्या बहुतेक चुका म्हणजे त्यातलंच एकेक राहून गेलेलं काम आहे.

एकच काम दोनदा होणं

बटण डिसेबल करून हा प्रश्न सुटत नाही. दोन क्लिकमधलं अंतर अर्धा सेकंद असेल तर डिसेबल उपयोगी, पण टाइमआउट झाल्यावर तुम्ही स्वतःच बटण परत चालू करताय. उपाय असा की चेकआउटचं पान उघडतानाच ब्राउझरमध्ये एक युनिक आयडी बनवायचा (क्रिप्टो.रँडमयूयूआयडी यासाठीच आहे), तो प्रत्येक प्रयत्नाबरोबर तोच पाठवायचा, आणि सर्व्हरने तो आयडी आधी बघितला असेल तर नवी ऑर्डर न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, आयडी क्लिकच्या फंक्शनमध्ये बनवतात, मग प्रत्येक क्लिकला नवा आयडी आणि आपण परत होतो तिथेच. दोन, सर्व्हरवर आधी "आहे का" म्हणून सिलेक्ट मारतात आणि नसेल तर इन्सर्ट, पण दोन रिक्वेस्ट अगदी एकाच वेळी आल्या तर दोघींनाही "नाही" असंच उत्तर मिळतं आणि दोन्ही इन्सर्ट होतात. त्या कॉलमवर युनिक इंडेक्स (एकच आयडी दोनदा घेऊ नको असा डेटाबेसचा नियम) लावा, डेटाबेसला अडवू द्या, त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

एरर आली पण कॅचमध्ये गेलीच नाही

फेच (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायचं जावास्क्रिप्टचं फंक्शन) वापरणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. सर्व्हरने 404 (सापडलं नाही) दिलं, 500 (सर्व्हरमध्येच बिघाड) दिलं, तरी फेचच्या दृष्टीने काम यशस्वी झालं, कारण उत्तर तर आलं ना. कॅच, म्हणजे एरर पकडणारा कोड, चालतो तो मुख्यतः नेटवर्कच तुटलं तर. त्यामुळे रिस्पॉन्स.ओके तपासल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

आणि कन्सोलमध्ये ती ओळखीची एरर, "अनएक्स्पेक्टेड टोकन <", तुम्ही पण बघितली असेल. जेसनच्या (डेटा पाठवायच्या साच्याच्या) जागी एचटीएमएल आलंय असा त्याचा अर्थ, तो < म्हणजे पानाचं पहिलं अक्षर. कधी ते एन्जिनएक्सचं (ब्राउझर आणि तुमच्या सर्व्हरच्या मध्ये बसणाऱ्या प्रॉक्सीचं) 502 चं, म्हणजे मागचा सर्व्हर नीट उत्तर देत नाही असं सांगणारं पान असतं, आणि बऱ्याचदा काय होतं की युजरचं सेशन संपलेलं असतं, सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे रीडायरेक्ट करतो, फेच गुपचूप त्या रीडायरेक्टच्या मागे जातो आणि 200 स्टेटससकट लॉगिनचं अख्खं पान घेऊन येतो, आणि आपण ते जेसन समजून पार्स करायला बसतो. एपीआयने (सर्व्हरच्या डेटा देणाऱ्या भागाने) रीडायरेक्ट करू नये, सरळ 401 (आधी लॉगिन करा) द्यावं, आणि ते बघून फ्रंटएंडने (ब्राउझरमधल्या कोडने) लॉगिन दाखवावं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ती ओळ उघडून रिस्पॉन्स वाचला तर हे दहा सेकंदात कळतं, तरी लोक तासभर जेसन पार्सरला दोष देत बसतात.

सर्चमध्ये जुनं उत्तर नव्याच्या डोक्यावर

मराठी सर्च करताना हे जास्त जाणवतं. "कोल्हापूर" हा शब्द आपल्याला चार अक्षरी वाटतो, पण युनिकोडमध्ये तो नऊ कोडपॉइंटचा आहे: क, ो, ल, हलंत, ह, ा, प, ू, र. इनस्क्रिप्टने टाईप केलं तर इनपुट इव्हेंट नऊ वेळा येतो, आणि प्रत्येकाला एपीआय कॉल लावला असेल तर नऊ रिक्वेस्ट जातात. त्या ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने परत येतील याची काही हमी नाही. "को" ला हजार निकाल, म्हणून ते उत्तर हळू येतं, "कोल्हापूर" चं झटकन येतं, स्क्रीनवर बरोबर यादी दिसते आणि अर्ध्या सेकंदाने "को" चं उत्तर येऊन तिच्यावर बसतं. युजरला बॉक्समध्ये कोल्हापूर दिसतंय आणि खाली कोथरूड, कोपरगाव, कोकण. तुमच्या लॅपटॉपवर सर्व्हर लोकल असतो म्हणून हे कधीच दिसत नाही.

साधारण 300 मिलिसेकंदाचा डिबाउन्स (टायपिंग तेवढा वेळ थांबलं की मगच रिक्वेस्ट) लावा म्हणजे रिक्वेस्ट कमी होतील, पण क्रमाचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याला ॲबॉर्टकंट्रोलर लागतो, नवी रिक्वेस्ट सोडायच्या आधी जुनी रद्द करायची, आणि रद्द झाल्याची जी ॲबॉर्टएरर येते ती युजरला लाल पट्टीत दाखवायची नाही. एक लक्षात ठेवा, ॲबॉर्टने ब्राउझर ऐकायचं थांबवतो, सर्व्हरवर क्वेरी चालू राहू शकते. काहीजण कीबोर्डचं कंपोझिशन (शब्द अजून बनतोय ती अवस्था) संपेपर्यंत थांबायचं असं करतात, ते चिनी-जपानीसाठी ठीक, पण मोबाइलच्या कीबोर्डवर शब्द संपेपर्यंत कंपोझिशन चालूच राहू शकतं आणि मग स्पेस दिल्याशिवाय सर्च हलतच नाही. आपल्याला डिबाउन्स आणि ॲबॉर्ट पुरे.

देवनागरीचाच अजून एक फटका सांगते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा एक कोडपॉइंट तीन बाइटचा, आणि यूआरएलमध्ये टाकताना प्रत्येक बाइटचे तीन कॅरेक्टर होतात, म्हणजे एकाचे नऊ. कोल्हापूरचे 81. एन्जिनएक्स डीफॉल्टने रिक्वेस्टच्या पहिल्या ओळीला 8 केबी देतो, त्यामुळे गेटच्या यूआरएलमधून साधारण नऊशे कोडपॉइंटचा मजकूर पाठवला की 414 (यूआरएल फार लांब) येतो. इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला तीच मर्यादा आठ हजार अक्षरांची असते, म्हणून त्याला हा बग सापडत नाही. लांब मजकूर पोस्टच्या बॉडीतूनच पाठवा.

वाट किती बघायची

फेचला स्वतःचा असा टाइमआउट पॅरामीटर नाही, ॲबॉर्टसिग्नल.टाइमआउट देऊन तो लावावा लागतो. उलट मधला प्रॉक्सी थांबत नाही: एन्जिनएक्स डीफॉल्टने मागच्या सर्व्हरकडून 60 सेकंद काहीच आलं नाही तर 504 (मागून वेळेत उत्तर नाही) देऊन मोकळा होतो, आणि मागे तुमचा रिपोर्ट बिचारा बनतच असतो. मग युजर परत दाबतो आणि दोन रिपोर्ट बनायला लागतात. मोठं काम असेल तर लगेच 202 (काम घेतलंय, अजून चालू आहे) आणि जॉबचा आयडी द्या, स्टेटस नंतर विचारा.

रिट्राय करायचा तर नेटवर्क एरर, 429 (फार रिक्वेस्ट येतायत), 502, 503 (सेवा सध्या बंद), 504 याच वेळी. 400 (रिक्वेस्टच चुकीची) किंवा 403 (परवानगी नाही) आलं तर कितीही वेळा पाठवलं तरी तेच येणार. प्रत्येक वेळी थांबायची वेळ दुप्पट करा आणि तिच्यात थोडा रँडम भाग मिसळा, नाहीतर सर्व्हर उठल्या उठल्या सगळे ब्राउझर एकाच सेकंदाला त्याच्या अंगावर येतात आणि तो परत पडतो.

लाइव्ह अपडेट

सेटइंटरव्हल लावून दर दोन सेकंदांनी विचारत राहणं ही पहिली चूक. 500 लोकांनी टॅब उघडे ठेवले की सेकंदाला 250 रिक्वेस्ट, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर "नवीन काही नाही". शिवाय सेटइंटरव्हल आधीच्या उत्तराची वाट बघत नाही, सर्व्हर मंदावला की रिक्वेस्ट साचत जातात. असं परत परत विचारणं, म्हणजे पोलिंगच करायचं असेल तर उत्तर आल्यावर सेटटाइमआउट लावा.

माहिती फक्त सर्व्हरकडून यायची असेल, म्हणजे ऑर्डरचं स्टेटस, स्कोअर, नोटिफिकेशन, तर माझं मत स्पष्ट आहे, सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (एकाच उघड्या कनेक्शनवरून सर्व्हर अपडेट पाठवत राहतो) वापरा. साधं एचटीटीपी आहे, कनेक्शन तुटलं तर ब्राउझर स्वतः परत जोडतो आणि शेवटच्या इव्हेंटचा आयडीही सर्व्हरला कळवतो. दोन गोष्टी सांभाळा: एचटीटीपी 1.1 वर ब्राउझर एका होस्टला सहाच कनेक्शन देतो, म्हणून सातव्या टॅबमध्ये साइट नुसती फिरत राहते, एचटीटीपी 2 चालू केलं की हे जातं. आणि एन्जिनएक्स रिस्पॉन्स बफर करतो, सगळे इव्हेंट अडवून मग एकदम सोडतो, ते बफरिंग त्या पाथसाठी बंद करा.

चॅट, एकत्र एडिटिंग असं दोन्हीकडून बोलणं असेल तर वेबसॉकेट. प्रॉक्सीत अपग्रेड हेडर पुढे पाठवला नाही तर 101 (वेबसॉकेट सुरू झाल्याचं उत्तर) येतच नाही, ते जमतं एकदाचं, पण मग "बरोबर एका मिनिटाने डिसकनेक्ट होतंय" अशी तक्रार येते, तो पुन्हा तोच 60 सेकंदांचा हिशोब. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमधून वेबसॉकेटची पिंग फ्रेम (कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारा छोटा संदेश) पाठवता येत नाही, म्हणून सर्व्हरने पिंग करावं किंवा तुम्ही स्वतःचा छोटा मेसेज दर 25-30 सेकंदांनी पाठवावा. परत जोडल्यावर मधल्या वेळातले मेसेज आपोआप येत नाहीत, शेवटचा नंबर सांगून ते मागून घ्यावे लागतात, हे जवळपास प्रत्येक पहिल्या व्हर्जनमध्ये राहतं. आणि कॉर्सचे (एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटचं उत्तर वाचावं का हे ठरवणारे) नियम वेबसॉकेटला लागत नाहीत, म्हणून लॉगिन कुकीवर असेल तर ओरिजिन हेडर (रिक्वेस्ट कुठल्या साइटवरून आली ते सांगणारा) सर्व्हरवर तपासलाच पाहिजे, नाहीतर दुसरी कुठलीही साइट तुमच्या युजरच्या नावाने कनेक्शन उघडेल.

कॉर्स

"पोस्टमनमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये नाही." बरोबर आहे, कारण हा नियम ब्राउझरचा आहे, पोस्टमन हे नुसतं एपीआय तपासायचं ॲप. नो-कॉर्स मोड लावला की एरर जाते पण उत्तर वाचताच येत नाही, तो उपाय नाही. कुकी पाठवत असाल तर परवानगीच्या हेडरमध्ये स्टार (म्हणजे कुठलीही साइट) चालत नाही, ओरिजिनचं पूर्ण नाव द्या. ब्राउझर आधी परवानगी विचारायला पाठवतो त्या ऑप्शन्सच्या रिक्वेस्टला लॉगिन मागू नका, तिच्याबरोबर टोकन येतच नाही. आणि ज्यात माझा एक अख्खा दिवस गेला ते हे: एन्जिनएक्सचा ॲड-हेडर (कॉर्सचे हेडर उत्तराला जोडणारी ओळ) त्यात "ऑलवेज" लिहिल्याशिवाय 500 च्या उत्तराला लागत नाही, म्हणून खरी एरर सर्व्हरच्या कोडमध्ये असते आणि ब्राउझर कॉर्स कॉर्स म्हणून ओरडतो. सर्व्हरचा लॉग आधी बघा.

आकडे आणि तारखा

जावास्क्रिप्टला 9007199254740991 च्या वरचे पूर्णांक नीट सांभाळता येत नाहीत, जेसन पार्स करतानाच शेवटचे अंक बदलतात आणि ऑर्डर सापडत नाही. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा. तारखेचंही तसंच, आपल्याकडे 15 ऑगस्ट सुरू होताना रात्री बारा वाजता बनवलेली तारीख टूआयएसओस्ट्रिंगने (ते यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ देतं) पाठवली की 14 ऑगस्ट 18:30 होते. नुसती तारीख हवी असेल तर ती साध्या मजकुरासारखी पाठवा, वेळ जोडूच नका.

तीन ऑर्डरच्या त्या बगवर परत येते. दुरुस्ती केल्यावर नेटवर्क टॅबमधलं थ्रॉटलिंग (नेट मुद्दाम हळू करणं) लावून बघितलं, ऑफलाइन करून बघितलं, पण त्यात हवी ती वेळ साधत नव्हती, कारण ऑर्डर पडल्यानंतर आणि उत्तर निघायच्या आधी नेट जायला पाहिजे. शेवटी टेस्ट सर्व्हरवर कमिटच्या (ऑर्डर डेटाबेसमध्ये पक्की होते त्याच्या) पुढच्या ओळीवर वीस सेकंदांचा स्लीप, म्हणजे मुद्दाम थांबा टाकला, फोनवरून ऑर्डरचं बटण दाबलं, पाच मोजले आणि एअरप्लेन मोड चालू केला. स्क्रीनवर एरर आली. एअरप्लेन काढला, परत दाबलं, लॉगमध्ये दोन रिक्वेस्ट एकाच आयडीच्या, आणि ऑर्डरच्या टेबलमध्ये ओळ एकच. एरर मेसेजही बदलला, आता तिथे "ऑर्डर गेली की नाही ते तपासतोय, थोडं थांबा" असं येतं आणि ॲप स्वतःच त्याच आयडीने परत विचारतं.