पॉवर बँक रात्री बंद पडते? शेतातल्या छोट्या यंत्राला वीज अशी द्या

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत डाऊनीची, म्हणजे ओल्या पानांवर पसरणाऱ्या रोगाची, धास्ती सुरू होते. पान किती तास ओलं राहिलं हे नेमकं कळलं तर फवारणी अंदाजावर सोडावी लागत नाही. म्हणून निफाड तालुक्यातल्या मामांच्या बागेत मी तापमान, आर्द्रता आणि पानावरचा ओलावा दर १५ मिनिटांनी टिपणारं यंत्र बसवलं: ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट), दोन सेन्सर, मेमरी कार्ड आणि १०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) पॉवर बँक. सकाळी कार्ड काढून पाहिलं तर त्यात एकच नोंद, आदल्या संध्याकाळी आम्ही घराकडे वळलो तेव्हाची. दव पडलं ती सगळी रात्र कोरी गेली होती, आणि बँकेचं बटण दाबलं तर चारही दिवे लागत होते.

बँक बिघडलेली नव्हती. ती मोबाइलसाठी बनवलेली असते. मोबाइल पूर्ण चार्ज झाला की तो ओढत असलेला करंट घटतो आणि बँक काम संपलं असं समजून आउटपुट बंद करते. बऱ्याच बँकांत ही मर्यादा ५० ते १०० मिलिअँपिअरच्या आसपास असते. दोन नोंदींच्या मधे वीज वाचवायला झोपी गेलेला बोर्ड त्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणजे यंत्र जितकं काटकसरी तितकी ही अडचण हमखास येणार.

आधी मोजा

बँक विकत घेण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. पॉझिटिव्ह वायर मधोमध तोडून मीटर सिरीजमध्ये जोडा. बोर्ड जागा असताना १० अँपिअरच्या रेंजवर मोजा. लहान रेंजवर मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हापुन्हा रिसेट होतो. झोपेतला करंट मात्र लहान रेंजवरच दिसेल.

माझा बोर्ड दर १५ मिनिटांत १५ सेकंद जागा असायचा आणि तेव्हा ८० मिलिअँपिअर घ्यायचा, उरलेली ८८५ सेकंदं १० मिलिअँपिअर. सरासरी काढली तर ११ च्या थोडी वर, म्हणजे दिवसाला साधारण २७० एमएएच. यातला बहुतेक खर्च झोपेतला आहे हे लक्षात घ्या. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, मायक्रोअँपिअरमध्ये चालते. करंट खातात ते बोर्डावरचा लाल दिवा, ५ व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप.

आता बँकेची बाजू. १०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्ट करताना तो घटतो, रूपांतरात आणखी थोडं जातं, आणि हाती ६,००० च्या आसपास उरतात. बँकेवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते, हिशोब तिच्यावरच करा. भागाकार २२ दिवस सांगतो. बँकेचं स्वतःचं सर्किटही चालू राहून खातं, म्हणून मी दोन आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाही.

बँकेला जागं ठेवा

काही बँकांत इअरफोन आणि घड्याळांसाठी कमी करंटचा मोड असतो, तो बहुधा बटण दोनदा दाबून सुरू होतो. पण बऱ्याच बँकांत हा मोड थोड्या तासांनी आपोआप बंद होतो. तुमच्या बँकेत तो टिकतो की नाही हे एक रात्र घरी ठेवूनच ठरवा.

दुसरा उपाय खोट्या भाराचा, म्हणजे बँक जागी राहावी म्हणून मुद्दाम करंट ओढण्याचा. ५ व्होल्टवर ४७ ओहमचा रेझिस्टर लावला की शंभरच्या वर मिलिअँपिअर ओढले जातात. पण तो कायम जोडला तर दिवसाला अडीच हजार एमएएच नुसती उष्णता होऊन जातात. म्हणून तो अधूनमधूनच जोडायचा: दर १० सेकंदांनी अर्धा सेकंद. तेवढ्यानं दिवसाला साधारण १३० एमएएच जातात. हे काम ७५५५ टायमर चिप आणि स्विचसारखा चालणारा एक २एन२२२२ ट्रान्झिस्टर करतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला (टायमरकडून येणाऱ्या पायाला) १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, ४७ ओहमचा रेझिस्टर १ वॉटचा घ्या. बोर्डाच्या पिनवर तो थेट लावू नका, पिन जळेल. दहा सेकंदांचं अंतर प्रत्येक बँकेला पुरेल असं नाही. बंद पडली तर अंतर कमी करा.

बँकच टाळता आली तर उत्तम

एक-दोन दिवसांच्या कामाला पॉवर बँक चालेल. हंगामभर यंत्र बागेत राहणार असेल तर मी लिथियम आयर्न फॉस्फेट सेल सुचवेन. त्याचं व्होल्टेज ३.२ असतं आणि डिस्चार्ज होताना बराच काळ जवळपास तेवढंच टिकतं, त्यामुळे तो बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर थेट जोडता येतो. रेग्युलेटर टळतो आणि बऱ्याच बोर्डांत यूएसबीची चिपही बाजूला पडते. पूर्ण चार्ज झालेला सेल ३.६५ दाखवतो आणि बोर्डाची मर्यादा ३.६ आहे, म्हणून चार्जरवरून काढून थोडा वेळ थांबा, मीटरवर ३.५ च्या खाली आला की मगच जोडा. सेल जोडलेला असताना यूएसबी लावू नका.

लाल दिवा सोल्डरिंग गननं उचलून काढला आणि झोपेतला करंट अर्ध्या मिलिअँपिअरवर आला. आता दिवसाला ४५ एमएएचही लागत नाहीत. ३,००० एमएएचचा एक सेल, पाऊण भागच वापरायचा धरला तरी, दीड महिना पुरतो. वायफाय वापरणार असाल तर ३.३ व्होल्टच्या पिनजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर संदेश पाठवताना बोर्ड रिसेट होतो. चार्जर आणि प्रोटेक्शन बोर्ड याच प्रकारच्या सेलचे घ्या, साध्या लिथियम आयनचे ४.२ व्होल्टवाले इथे धोक्याचे आहेत. सेलवर थेट सोल्डर करू नका, होल्डर वापरा आणि १ अँपिअरचा फ्यूज घाला. फुगलेला सेल एकदाही वापरू नका.

डबा

बागेत बॅटरीचे वैरी ऊन आणि फवारणी. डबा पांढरा घ्या आणि मांडवाच्या सावलीत बांधा, पत्र्यावर कधीच नको. वायरी खालच्या बाजूनं ग्लँडमधून (वायर घट्ट धरून पाणी अडवणाऱ्या बुचातून) आत घ्या आणि ग्लँडच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल. गंधकाच्या फवारणीनं उघडी तांब्याची टोकं काळी पडतात आणि संपर्क तुटतो, म्हणून जोडणीवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. उंदीर वायर कुरतडत असतील तर ती पाइपातून न्या.

नेण्याआधी यंत्र सगळ्या जोडणीसह, डबा बंद करून, घराच्या ओट्यावर तीन रात्री चालवा. २४ तासांच्या ९६ नोंदी व्हायला हव्यात. कार्ड काढून मोजा आणि एकही कमी भरली तर कारण सापडेपर्यंत ते बागेत नेऊ नका.