शिवारातल्या जुन्या झाडापासून नवी रोपे कशी करावीत

शिवारात एखादे झाड असे असते की दरवर्षी भरभरून फळते, किडीला दाद देत नाही, पाण्याचा ताण सोसते. नवी लागवड करायची तर पहिला मान त्या झाडाला द्यावा. त्या मातीत ते तगते, हे आधीच सिद्ध झालेले असते. मात्र निवड एका वर्षाच्या बहरावर करू नये, तीन-चार हंगाम बघावेत. पाने आकसलेले किंवा डिंक गळणारे झाड सरळ वगळावे, कारण विषाणूजन्य रोग फांदीबरोबर नव्या रोपातही जातो.

बी लावायचे की फांदी? बहुतेक फळझाडांचे बी दोन झाडांच्या परागीभवनातून तयार होते, त्यामुळे रोपात मूळ झाडाचे गुण उतरतीलच असे नाही. फांदीपासून केलेले रोप मात्र हुबेहूब तसेच होते आणि फळावरही लवकर येते. म्हणून फळासाठी फांदी, सावलीसाठी आणि लाकडासाठी बी, असे माझे मत आहे. जांभूळ, फणस यांचे बी वाळले की मरते, ते फळातून काढल्याबरोबर पेरावे. बाभळीसारखे टणक कवचाचे बी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावे.

तुती, अंजीर, डाळिंब यांना छाट कलम पुरते. पानगळीच्या काळात पेन्सिलीएवढ्या जाडीची, पक्व फांदी घेऊन 20 ते 25 सेंटिमीटरचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ घ्यावा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. उलटे लावलेले छाट सहसा जगत नाही. दोन तृतीयांश भाग मातीत जाऊ द्यावा, माती ओलसर ठेवावी, चिखल नको. पालवी फुटली म्हणून छाट उपटून दुसरीकडे लावण्याची घाई करू नका. पहिली पाने फांदीत साठलेल्या अन्नावर येतात, मुळे नंतर धरतात.

पेरू, लिंबू, लिची यांना गुटी कलम, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळे आणणे, उत्तम, आणि नवख्याने ही पद्धत नक्की शिकावी. मुळे धरेपर्यंत फांदी झाडावरच असते, त्यामुळे प्रयत्न फसला तरी फार तर एक फांदी जाते. झाड जोमात वाढत असते आणि हवा दमट असते, तो काळ निवडावा. साधारण वर्षभराची, निरोगी, उन्हातली फांदी घ्यावी. शेंड्यापासून 30 ते 45 सेंटिमीटर खाली, गाठ टाळून, धारदार स्वच्छ चाकूने अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पात्याने खरवडून टाकावा. हे काम मन लावून करावे. तो थर राहिला तर साल पुन्हा सांधते आणि मुळे येत नाहीत.

हे जमते कसे? पाणी लाकडातून वर चढत राहते, म्हणून फांदी हिरवी राहते. पानांत तयार झालेले अन्न आणि संजीवके (वाढीला चालना देणारी द्रव्ये) सालीतून खाली येतात, ती कापाच्या वरच्या कडेला अडतात आणि तिथेच मुळे फुटतात. मुळे फुटण्याची पावडर लावायची असेल तर ती याच कडेला लावावी. मग भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ (रोपवाटिकेत वापरतात ते मॉस) मूठभर घेऊन कापाभोवती दाबून बसवावे, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने करकचून बांधावीत. पावसाचे पाणी आत शिरले तर मुळे कुजतात.

झाडानुसार एक ते दोन-तीन महिन्यांत कागदातून मुळे दिसू लागतात. ती पांढरी, कोवळी असताना कापू नये, जरा तपकिरी होऊन जाळे धरू द्यावे. आधी गुटीच्या खाली अर्धी खाच घ्यावी, आठवड्याने फांदी पूर्ण कापावी. निम्मी पाने कमी करावीत, कागद काढावा, शेवाळ मुळांना बिलगलेले तसेच ठेवून पिशवीत लावावे आणि नवी पालवी पक्व होईपर्यंत सावलीत ठेवावे.

झाडाच्या बुडाशी आलेले फुटवे मुळासकट काढून लावता येतात, पण आधी झाड कलमी आहे का ते बघावे. दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधलेले कलम असेल तर फुटवा त्या खुंटाचा, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडाचा निघतो, हव्या त्या जातीचा नाही.

छाट आणि गुटीच्या रोपांना सोटमूळ नसते. शेतात लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षे त्यांना काठीचा आधार द्यावा आणि वाऱ्याच्या माऱ्याची जागा टाळावी.