हौशी नेमबाजीसाठी भरवशाची रायफल कशी निवडावी

परभणीत शाळकरी मुलांना नेमबाजी शिकवताना दर उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे दोन-चार पालक हमखास येतात आणि त्यांतल्या एकाचा तरी प्रश्न असा असतो की, "सर, एकदा भरली की नुसता ट्रिगर दाबत राहायचा, अशी अर्ध-स्वयंचलित रायफल मुलाला घेऊन दिली तर चालेल का?" प्रश्न प्रामाणिक असतो, कारण रायफल म्हटले की डोळ्यांसमोर जे चित्र येते ते चित्रपटांतून आलेले असते. म्हणून निवडीच्या तपशिलात शिरण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देणे मला आवश्यक वाटते.

आपल्या देशात शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांनुसार अर्ध-स्वयंचलित रायफली प्रतिबंधित वर्गात मोडतात. हौस म्हणून नेम धरायचा आहे एवढ्या कारणावर त्या सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. बावीस बोअरच्या साध्या रायफलीलाही परवाना लागतोच. याउलट, 4.5 मिलिमीटर व्यासाची नळी असलेली आणि जिची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा कमी आहे अशी एअर रायफल, म्हणजे आपल्या बोलीतली छऱ्याची बंदूक, परवान्याशिवाय घेता येते. विक्रेता ओळखपत्राची प्रत मागतो. ती द्यावी आणि पक्के बिल न चुकता घेऊन जपून ठेवावे. नळी 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा ऊर्जा 20 ज्यूलच्या पुढे असेल तर ती बंदूक परवान्याच्या कक्षेत येते, त्यामुळे "थोडी जास्त ताकदीची आहे, पण चालते" असे कोणी सांगितले तर तिथून सरळ परत यावे.

आपोआप भरली जाणारी रायफल मिळत नाही याचे नेमबाजाने वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांतही 10 मीटर आणि 50 मीटर रायफल प्रकारांत प्रत्येक वेळी एकच छर्रा किंवा एकच गोळी हाताने भरावी लागते. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी 10 मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले, 2024 साली पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि या दोघांनीही प्रत्येक छर्रा किंवा गोळी स्वतःच्या हाताने भरूनच सोडली. एक छर्रा भरायचा, श्वास स्थिर करायचा, नेम धरायचा, सोडायचा आणि रायफल खाली घेऊन झाले ते पाहायचे, या क्रमातच नेमबाजीचे सगळे शिक्षण आहे. म्हणून पुढचे सर्व विवेचन एका वेळी एक छर्रा घेणाऱ्या एअर रायफलीविषयीच आहे.

भरवशाची रायफल कोणती? दुकानात हा शब्द "जोरदार" या अर्थाने वापरला जातो आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. माझ्या मते, तुम्ही तेच केले असता जी रायफल तेच फळ देते ती भरवशाची. स्पर्धेच्या 10 मीटर लक्ष्यपत्रावर काळा गोल 30.5 मिलिमीटरचा असतो आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर मारलेला छर्रा स्वतःच 4.5 मिलिमीटरचा. अशा लक्ष्यावर जोराचा काडीचाही उपयोग नसतो. स्पर्धेच्या महागड्या जर्मन रायफलींमधून छर्रा साधारण 170 ते 175 मीटर प्रतिसेकंद या वेगाने सुटतो, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाच्या छऱ्याला जेमतेम साडेसात-आठ ज्यूल ऊर्जा मिळते. कायद्याची मर्यादा 20 ज्यूलची असताना जगातले उत्तम नेमबाज तिच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जेवर खेळतात, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वेगाच्या आकड्याचा मोह सुटतो. जास्त वेगाच्या स्प्रिंगच्या रायफली धक्काही जास्त देतात आणि नवशिक्याचा नेम त्या धक्क्यानेच हलतो.

आता प्रकारांकडे वळू. सर्वांत परिचित म्हणजे नळी वाकवून स्प्रिंग ताणण्याची रायफल. ट्रिगर सुटला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला बाहेर काढते. तिला बाहेरून कशाचीच गरज नसते, दुरुस्ती सोपी असते आणि खर्च काही हजारांत भागतो. मात्र छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच आतला जड पिस्टन हललेला असल्यामुळे रायफल आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते. ती दर वेळी त्याच जागी, त्याच सैल पकडीत धरली नाही तर छर्रे विखुरतात. दुसरा प्रकार आधीच हवा भरून ठेवण्याच्या रायफलींचा, ज्यांना सगळे पीसीपी म्हणतात. त्यांना धक्का जवळजवळ नसतो आणि अचूकता फार चांगली असते, पण हातपंप किंवा हवेचा सिलिंडर सोबत लागतो. स्पर्धेत उतरायचे पक्के ठरले असेल तर शेवटी इकडेच यावे लागते. तिसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडच्या कुप्यांवर चालणाऱ्यांचा, आणि तो मराठवाड्यात घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगतो. हा वायू 31 अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, तापमानासोबत त्याचा दाब झपाट्याने बदलतो आणि त्याबरोबर छऱ्याचा वेगही बदलतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातला जमवलेला नेम अकरा वाजता उपयोगाचा राहत नाही.

उन्हाचा विचार पीसीपी घेणाऱ्यानेही करावा. 25 अंशांना 200 बार दाबाने भरलेला सिलिंडर बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापला तर आतला दाब सव्वादोनशे बारच्या जवळ जातो. भरलेली रायफल गाडीच्या डिकीत ठेवून लग्नकार्याला जाणारे लोक मी पाहिले आहेत. सिलिंडरवर वापराच्या मुदतीची तारीख कोरलेली असते आणि जुनी रायफल घेताना सर्वांत आधी तीच वाचावी; मुदत संपलेल्या सिलिंडरची रायफल कितीही स्वस्त मिळत असली तरी ती स्वस्त नसते.

प्रकार ठरला की रायफल अंगाला बसते की नाही हे पाहावे. दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या घडीत टेकवून हात ट्रिगरकडे नेला असता तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज यायला हवे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची रायफल दिली तर तो कमरेतून मागे वाकून वजन तोलायला लागतो. ती सवय पुढे दोन-दोन वर्षे मोडत नाही आणि पाठ दुखायला लागते ती वेगळीच. ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा, म्हणजे आधी हलकेच मागे येऊन एका ठिकाणी थांबणारा आणि तिथून थोड्याच दाबाने सुटणारा. दुकानात ट्रिगर तपासण्यासाठी स्प्रिंगची रायफल रिकामी मात्र कधीही उडवू नये. पुढे छर्रा नसला की पिस्टनला हवेची उशी मिळत नाही आणि तो थेट भिंतीवर आदळतो.

दुर्बिणीचा हट्ट सुरुवातीला धरू नये. 10 मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, आणि पुढची-मागची साइट जुळवून नेम धरण्याची शिस्त एकदा लागली की ती जन्मभर पुरते. मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत स्प्रिंगच्या रायफलीवर एक स्वस्त दुर्बीण बसवून घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात छर्रे डावीकडे सरकू लागले, मी महिनाभर स्वतःच्या श्वासाला आणि खांद्याला दोष देत राहिलो, आणि शेवटी कळले की दुहेरी झटक्याने दुर्बिणीची आतली भिंगेच ढिली झाली होती. विक्रेत्याने ती बदलून दिली नाही. घ्यायचीच असेल तर स्प्रिंगच्या झटक्यासाठी बनवलेली आणि 10 मीटरपर्यंत स्पष्ट दिसेल अशी फोकस बदलण्याची सोय असलेली घ्यावी.

प्रत्यक्ष पारख कशी करावी हे एका उदाहरणाने सांगतो. गेल्या दिवाळीनंतर जिंतूर रस्त्यावरच्या एका विद्यार्थ्याच्या शेतातल्या आखाड्यावर आम्ही एक वापरलेली रायफल पाहायला गेलो होतो. प्रथम नळी बंद करून तिचे टोक बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहिले. बिजागरीत खेळ असेल तर नळी दर वेळी वेगळ्या जागी बसते. मग जिथे नळी मिटते त्या सांध्यावर टिश्यू कागदाची अरुंद पट्टी ठेवून छर्रा सोडला. पट्टी फडफडून उडाली, म्हणजे सांध्यातले रबरी सील गळत होते. सील बदलता येण्यासारखे असल्यामुळे आम्ही पुढे गेलो. ज्वारीच्या कोंड्याने भरलेल्या पोत्यावर रायफल टेकवून, दुसरे पोते दस्त्याखाली सरकवून, 10 मीटरवर पाच-पाच छऱ्यांचे चार गट मारले. पहिल्या कंपनीच्या छऱ्यांचा गट तळहाताएवढा पसरला. दुसऱ्या डब्यातले छर्रे घातले आणि पाचही भोके एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. नाणे कागदावर ठेवून मुलाच्या वडिलांनी तीनदा उचलून पाहिले. रायफल तीच होती, हातही तेच होते. फरक फक्त छऱ्यांचा होता.

म्हणून नवी रायफल घेतानासुद्धा तीन-चार प्रकारचे छर्रे सोबत घ्यावेत. कागदावर नेम धरायचा असेल तर सपाट तोंडाचे छर्रे घ्यावेत, कारण ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण वाचताना वाद होत नाही. डब्यातले चेपलेले छर्रे बाजूला काढावेत आणि वापरलेले छर्रे पुन्हा वापरू नयेत. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना जेवणाच्या डब्याला हात लावू देऊ नये.

आपल्या भागासाठी आणखी एक कसोटी मी सर्वांत वर ठेवतो: सुटे भाग कुठे मिळतात? सील, स्प्रिंग आणि ट्रिगरची छोटी पिन यांवाचून रायफल महिनोन्महिने कोपऱ्यात पडून राहू शकते. माझ्या एका विद्यार्थिनीची परदेशी बनावटीची सुंदर रायफल एका वर्तुळाकार रबरी कडीसाठी पाच महिने बंद राहिली आणि शालेय स्पर्धा निघून गेली. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला सरळ विचारावे की सील आणि स्प्रिंग आजच सोबत देता का. देत असेल तर एकेक जादा संच तेव्हाच घ्यावा. भारतीय बनावटीच्या रायफलींचा मोठा फायदा मला इथेच दिसतो. सुटे भाग कुरिअरने येतात आणि परभणी, हिंगोली किंवा बीडच्या माणसाला एका सीलसाठी पुणे-हैदराबाद करावे लागत नाही.

सरावाची जागा रायफलीइतकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे जुन्या भिंती काळ्या दगडाच्या असतात आणि दगडावर आपटलेला छर्रा थेट डोळ्यांकडे परत येतो. लक्ष्यामागे जुने कपडे दाबून भरलेली जाड लाकडी पेटी ठेवावी, तिच्यामागे मातीचा उंच बांध असावा, आणि मारणाऱ्याने व पाहणाऱ्यांनी संरक्षक चष्मा लावावा. नेम चुकलेला छर्रा दीडशे-दोनशे मीटरच्या पुढेही जातो, तेव्हा उघड्या शेतात क्षितिजाकडे तोंड करून सराव करू नये. पिकावर येणारी पाखरे किंवा वानरे हे लक्ष्य नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा भंग तर होतोच, शिवाय ज्या मुलाच्या हाती रायफल दिली त्याला आपण काय शिकवतो आहोत हा प्रश्न उरतोच. नळी वाकवलेली असताना छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी. हे मी मुलांकडून रोज म्हणवून घेतो, कारण अशा वेळी ट्रिगर सुटला तर नळी झटक्याने मिटते आणि अंगठा वाचत नाही.

देखभालीत आपल्याकडची मुख्य अडचण धुळीची आहे. वापर झाला की बाहेरचे लोखंड तेलाच्या हलक्या फडक्याने पुसावे, पावसाळ्यात दर आठवड्याला पुसावे, पण हवेच्या छिद्रात तेल कधीच सोडू नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते आत पेट घेते, नळीतून धूर निघतो आणि सील जळते. स्प्रिंग ताणलेल्या अवस्थेत रायफल ठेवून जेवायला जाऊ नये.

नव्या स्प्रिंगच्या रायफलीचा निकाल पहिल्या दिवशी लावू नये. पहिल्या काही शे छऱ्यांपर्यंत सील आणि पिस्टन एकमेकांना जुळत असतात. तेवढ्या काळात प्रत्येक गटाचा कागद तारीख, छऱ्यांचा प्रकार आणि दिवसाची वेळ लिहून वहीत चिकटवत जावा. गट स्थिरावले आणि एक छर्रा इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला की त्याच्या डब्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक, पाहावा आणि त्याच क्रमांकाचे वर्षभर पुरतील एवढे डबे एकदमच मागवून घ्यावेत.